परमाचं रान

आमच्या गावात पाऊस केवढा पडतो हे मी बीड जिल्ह्यात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे हेव्याने पाहिलं. आणि शिमगा संपला की त्याच गावात पाण्याचा टँकर येतो हे सांगितल्यावर, ही बाई थापा मारते, अशा नजरेने पाहिलं. दोन्ही खरं आहे. आमचं गाव दापोलीच्या खाली, समुद्राची गाज ऐकू येईल इतकं जवळ. चार महिने भिंतींना शेवाळ, कपाटातल्या साड्यांना बुरशी, आणि मार्च उजाडला की मी कळशी घेऊन रांगेत उभी. घरामागे डोंगराच्या उतारावर माझी दीड एकर वरकस जमीन आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी तिथे काजू लावले, कोकम लावलं, चार आंबे लावले. पावसाळ्यात ती झाडं बघत राहावं अशी तरारतात आणि मे महिन्यात बघवत नाहीत.

"आत्या, पाणी कसं धरायचं हे ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांना काय विचारतेस? ज्यांच्याकडे नाही त्यांना विचार," माझी पुतणी मेघना म्हणाली. ती शेतकी कॉलेजात शिकवते. तिने मला एका बाईंचा नंबर दिला. प्रमिलाताई, तालुका केज, जिल्हा बीड. फोनवर मी भीत भीत विचारलं, दोन दिवस येऊ का? तर त्या म्हणाल्या, "दोन दिवसात काय बगता मावशी? येळवस करूनच जावा." येळवस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच 'परत कधीची गाडी?' असं विचारायची रीत असल्यामुळे मी अगदी भारावून गेले आणि चार दिवसांची पिशवी भरली.

केज

दापोली ते बीड या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की अंग आंबलं. बीडच्या स्टँडवर चहा घेतला तो इतका गोड होता की चमचा उभा राहील असं वाटलं. केजला दुसरी एसटी, आणि तिथून गावाकडे जाणारी जीप. मी ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं आणि प्रमिलाताईंचंही सांगितलं.

"परमाकल्चरला जायचं म्हना की!" तो म्हणाला, आणि माझी पिशवी टपावर गेलीसुद्धा.

मी चाट पडले. पर्माकल्चर हा शब्द मला मेघनाने शिकवला होता. परदेशातून आलेला शब्द. जमीन कधी उघडी ठेवायची नाही, पाला वाया घालवायचा नाही, पाणी उतरू द्यायचं नाही, झाडं-पिकं-जनावरं एकमेकांच्या आधाराने जगतील अशी शेती मांडायची, असं काय काय तिने सांगितलं होतं. तो शब्द केजच्या जीप ड्रायव्हरच्या तोंडी इतका सहज कसा? शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी माझी शंका ओळखली असावी.

"परमा म्हंजी आमच्या दत्ताची बायकू," ते म्हणाले. "तिनं काढल्यालं कल्चर हाय ते. लांबलांबचे लोक येत्यात बगाया. तुमी कुठल्या?"

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. जीपमधले सगळे माझ्याकडे वळून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर आपल्या गावचा अभिमान होता. मी तोंड मिटलं आणि दापोलीची म्हणाले.

पुढे प्रमिलाताईंनी स्वतःच तो किस्सा सांगितला, हसून हसून डोळ्यात पाणी येईपर्यंत. बचत गटाच्या बायकांचं एक प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्याने फळ्यावर तो शब्द लिहिला, मोठ्याने वाचला, आणि सगळ्या बायका वळून हिच्याकडे बघायला लागल्या. "तवापासून माजंच नाव पडलं त्याला. आता कुनाकुनाला सांगत बसू? अन खरं सांगू का, बरंबी वाटतं."

प्रमिलाताई पंचेचाळिशीच्या, उंच, बोलताना हाताने माती चाळल्यासारखी बोटं हलवणाऱ्या. त्यांचे यजमान दत्ताभाऊ अगदी उलटे. चार दिवसांत मी त्यांची वीसएक वाक्यं ऐकली असतील. घरी पोहोचताच गूळ-पाणी झालं, आणि ताई म्हणाल्या, "आदी रान बगू, मग च्या."

मी पायातल्या चपलांकडे पाहिलं. "रान लांब आहे का? बिबट्या वगैरे?"

"बिबट्या?" त्या थांबल्या. "अवो मावशी, रान म्हंजी आपलं शेत!"

आमच्याकडे रान म्हणजे जंगल. शेतात वा परड्यात नको ते उगवलं तरी त्याला रानच म्हणतात, आणि ते उपटलं की 'रान काढलं' म्हणतात. इथे माणसं सकाळी उठून रानात जातात ती कामाला, आणि पीकही रानातच येतं. मला या फरकाची मोठी मौज वाटली आणि मी तो वहीत टिपून ठेवला. टिपून ठेवलेलं लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

बरड

गावाची चांगली जमीन काळी, सपाट, ओढ्याच्या बाजूला. तिथे ज्वारी छातीएवढी झाली होती आणि सोयाबीन निघालेल्या वावरात हरभरा होता. प्रमिलाताईंचं दोन एकर मात्र वरच्या अंगाला, उतारावर. त्याला बरड म्हणतात. हातभर माती, खाली मुरूम. इथे पाऊस कमी, आणि पडतो तो एकदम पडून उतारावरून निघून जातो. दोन एकराच्या चारी कडांना करडई लावलेली. मी मोठ्या उत्साहाने बांधावरून सरळ आत शिरले आणि करडईने माझ्या दोन्ही पोटऱ्या ओरबाडल्या. तिची पानं काटेरी असतात हे मला माहीत नव्हतं. शेळ्या-गुरं आत येऊ नयेत म्हणूनच ती कडेला लावतात. "गुरं एकदा शिकत्यात," दत्ताभाऊ म्हणाले. त्यांचं हे पहिलं वाक्य.

आत मात्र मी हरखून गेले. एका तुरीच्या ओळीखाली भुईमूग, पलीकडे वांगी, मधे शेवगा, शेवग्यावर वालाचा वेल, कडेला बोर आणि सीताफळ, आणि पायाखाली जमीन दिसतच नव्हती. सगळीकडे पाला, काड्या, उसाचं पाचट. आमच्याकडे याला पातेरा म्हणतात आणि रोज सकाळी झाडून जाळतात. इथे ताई लोकांच्या दारात जाऊन तो मागून आणतात. आजूबाजूचे जाळायच्या आत डोक्यावर भारे वाहून आणायचे.

उताराला आडवे दगडांचे बांध होते आणि बांधांच्या वर चर. चर सरळ नव्हते, उताराच्या अंगाने वळत गेले होते. ते कसे आखले ते ताईंनी दाखवलं. तीन काठ्यांचा इंग्रजी ए-सारखा सांगाडा, त्याच्या शेंड्यातून लोंबणारा दोरा, दोऱ्याला दगड. सांगाड्याचे दोन पाय जमिनीवर ठेवायचे. दगड बरोबर मधल्या खुणेवर थांबला की दोन्ही पाय सारख्या उंचीवर. खूण करायची, पुढे जायचं. मीही दहा-पंधरा पावलं केलं. पोस्टाच्या तराजूवर आयुष्य काढलेलं असल्यामुळे दोरा थांबेपर्यंत वाट बघण्यात मला फारच गोडी वाटली.

"पानी पावन्यासारखं असतंय," ताई म्हणाल्या. "दारातून जाऊ दिलं की गेलं. आडवं होऊन म्हनावं लागतं, बसा वो, च्या घ्या. मग ते बसतंय, मुरतंय."

"आमच्याकडे पाहुण्यांना असं म्हणत नाहीत," मी म्हणाले.

"म्हनूनच तुमच्याकडं टँकर येतोय," त्या म्हणाल्या.

सगळ्यात मला आवडली ती मडकी. कुंभाराने भट्टीतून काढून बाजूला टाकलेली, कुठे तोंड वाकडं, कुठे कड फुटलेली. ती गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली, वर चपटा दगड. चार-पाच दिवसांतून एकदा पाणी भरायचं. मडकं पाझरतं आणि भोवतालच्या मुळांना लागेल तेवढंच पाणी जातं. पाणी कुठून? न्हाणीतून, भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं. पहिल्याच संध्याकाळी मी तांदळाचं धुवण मोरीत ओतलं, तर दत्ताभाऊंच्या तोंडून 'अरारा' निघालं. त्यांचा चेहरा असा झाला की मी आमच्याकडे सांडलेल्या दुधालासुद्धा इतकं हळहळलेलं कुणाला पाहिलं नव्हतं.

अण्णा

संध्याकाळी चहाला अण्णा आले. अण्णा म्हणजे दत्ताभाऊंचे थोरले भाऊ, टोपीपासून धोतरापर्यंत पांढरेशुभ्र, आवाज मोठा. बरडाच्या खालची आठ एकर काळी जमीन तेच पाहतात. जमीन अजून एकत्र आहे आणि शब्द अण्णांचा चालतो.

"मावशी, तुमी नोकरी केल्याली बाई. तुमीच समजवा हिला," त्यांनी बसायच्या आत सुरुवात केली. "दोन एकरात अठरा धान्याचं कडबोळं करून ठिवलंय. एकबी पीक गाडीभर न्हाई. शेजारपाजारचे इचारत्यात, अण्णा, तुमचं वरचं रान पडीक पडलं का? मान खाली घालावी लागती मला. जेसीबी लावतो, बांध मोडतो, एकसारखं करतो, अन सोयाबीन पेरतो."

"तीन सालं दिलीत ना तुमी मला?" प्रमिलाताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आवाज शांत, पण बोटं हलत होती.

"दिली की. अन शब्द मोडत न्हाई मी. येळवशीला ठरलंय ते ठरलंय."

काय ठरलंय ते मग मला कळलं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळा गाव रानात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, आत दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, जेवायचं आणि मग रानाला आंबील शिंपायचं. जेवणात मुख्य ती भज्जी. नाव ऐकून मला कांदाभजी आठवली, पण तिचा याच्याशी संबंध नाही. रानातल्या सगळ्या शेंगा, दाणे, पालेभाज्या एकत्र शिजवून, बेसन आणि चिंच लावून केलेली ही दाट भाजी. अण्णांच्या आईच्या भज्जीत अठरा जिनसा असत, सगळ्या घरच्या रानातल्या. आता आठ एकरांत सोयाबीन आणि हरभरा, त्यामुळे बाकीचं सगळं केजच्या बाजारातून येतं. तीन वर्षांपूर्वी प्रमिलाताई म्हणाल्या होत्या, बरड मला द्या, तिसऱ्या येळवशीला सासूबाईंसारखी भज्जी नुसत्या बरडातल्या जिनसांवर करून दाखवते, भावकीतल्या तीस माणसांना पुरेल एवढी. अण्णा म्हणाले होते, कर. एक जरी जिन्नस कमी पडला, नाहीतर बाजाराची एक शेंग जरी कढईत पडली, तर अमावास्येनंतरच्या सोमवारी जेसीबी.

येळवस चौथ्या दिवशी होती. जेसीबीवाल्याला अण्णांनी सांगून ठेवलं होतं.

दुसरा दिवस जिनसा मोजण्यात गेला. मी वही घेऊन ताईंच्या मागे. तुरीचे ओले दाणे, सोलाणा म्हणजे हिरवा हरभरा, वाल, पावटा, वाटाणा, भुईमूग. मेथी, पालक, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात. वांगी, गाजर, भोपळा. हिरवी मिरची, लसूण, चिंच. सतरा झाले. अठरावा जिन्नस चाकवत, म्हणून त्यांनी खालच्या मडक्यांकडे नुसता हात केला. "ते हाय खाली, आदल्या दिवशी काढू, लवकर सुकतंय." मी 'चाकवत, खाली' असं लिहिलं. ओणवं राहून पाहिलं मात्र नाही.

मी काय केलं

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं केजला गेली. भाजी घरची असली तरी तीस माणसांना पुरेल एवढी मोठी कढई घरची नव्हती, ती भाड्याने आणायची होती. "मावशी, तुमी आराम करा," ताई म्हणाल्या.

आराम मला जमत नाही. कोकणात पाहुणी आली तरी दुपारी निदान नारळ सोलते. मी बरडावर गेले, एक चक्कर मारली, वाल तोडावेत का असा विचार केला, ते उद्या ताजे तोडायचे म्हणून सोडले. मग खालच्या मडक्यांशी आले. दहा-बारा मडकी, प्रत्येकाभोवती वांगी आणि मिरची, आणि त्यांच्या मधून वीतभर, दीड वीतभर वाढलेलं रान. पिठूळ पानांचं, दाटीवाटीने उगवलेलं. मडक्यातलं पाणी सगळं तेच पीत होतं असं मला वाटलं. बिचारी बाई, एवढ्या घाईगर्दीत हिला हे काढायलाही वेळ मिळाला नाही.

मी पदर खोचला आणि बसले. मेथी मला कळते, पालक कळतो, म्हणून नीट बघून बघून काढलं. दोन तास लागले. पाला आड येत होता, तोही मडक्यांभोवतीचा सगळा गोळा केला. शेवटी वरच्या कातळावर ढीग केला आणि आमच्याकडची भाजावळ आठवून त्याला काडी लावली. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी तरवा टाकायच्या आधी पाला-शेण पसरून जमीन भाजतात, त्याने कीड जाते. खूप धूर झाला. हिरवं जळताना एक ओळखीचा वास आला, आंबटसर भाजीचा, पण कुठल्या भाजीचा ते काही लक्षात येईना. मडक्यांभोवतीची माती कशी स्वच्छ, मोकळी दिसत होती! मला माझंच कौतुक वाटलं.

ती दोघं दुपारी आली. ताई कढई डोक्यावरून उतरवतात न उतरवतात तोच मी म्हणाले, "खालचं सगळं रान काढलं मी!"

"रान काढलं?" त्या हसल्या. "म्हंजी वो?"

"काढलं, जाळलंसुद्धा. चला, दाखवते."

त्या माझ्या मागून आल्या. मडक्यांपाशी येऊन थांबल्या. खाली बसल्या, उघड्या मातीवर तळवा ठेवला. माती ऊन लागून कोरडी झाली होती. त्यांनी कातळावरच्या राखेकडे पाहिलं.

"कशापायी जाळलं मावशी?" एवढंच म्हणाल्या. रागाने नव्हे. खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"तण होतं ते..."

"चाकवत हुता."

चाकवत मी ओळखते. आमच्या बाजारात जुडी मिळते, घाटावरून येते, ताक घालून मी नेहमी करते. पण जुडीत बांधलेला चाकवत मी ओळखते. जमिनीत उभा असलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तो कुणी पेरत नाही, थोडी ओल मिळाली की आपला आपण येतो. बरडावर ओल होती ती त्या मडक्यांपाशी, म्हणून तो फक्त तिथेच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं भारे वाहून, न्हाणीचं पाणी ओतून या बाईने जे उभं केलं होतं, ते मी दोन तासांत, पदर खोचून, मदत म्हणून, अठरावरून सतरावर आणलं होतं.

आम्ही तिघांनी सगळं बरड पालथं घातलं. चरात, बांधाच्या खाली, शेवग्याच्या बुडात. दत्ताभाऊ राखसुद्धा काठीने उकरत होते. काही मिळालं नाही.

"सकाळच्या पहिल्या जीपने केजला जाते," मी म्हणाले. "दोन जुड्या आणते पिशवीत घालून. कुणाला कळणार नाही."

ताई पाचट ओंजळीने पुन्हा मडक्यांभोवती पसरत होत्या. "मला कळंल की," त्या म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला नेहमीसारखं आग्रहाने वाढलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं हे बरं झालं, कारण नाहीतरी ते येणारच होतं.

येळवस

सकाळी थंडी मी म्हणत होती. दत्ताभाऊंनी तुरीच्या कडेला कडब्याची कोप उभारली होती, आत पांढरे पांडव ओळीने बसले होते. भावकी जमू लागली. बायकांच्या डोक्यावर शिदोरीच्या पाट्या, त्यात बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, मडक्यात ज्वारीचं आंबील. तीन दगडांच्या चुलीवर कढई चढली. मला कुणी कामाला हात लावू देईना. शेंगा सोलायला मात्र परवानगी मिळाली, त्या झाडावरून उतरलेल्या होत्या म्हणून.

मी अशी भज्जी कधी खाल्ली नव्हती आणि आता करून खाईन असंही वाटत नाही, कारण तिच्यात काय काय आहे यापेक्षा ते सगळं एका वेळी एका जागी हिरवं असणं महत्त्वाचं. शिजायला लागल्यावर वास असा सुटला की कोपीतली पोरं येऊन चुलीशी उभी राहिली. पूजा झाली. पंगत बसायच्या आधी अण्णा कढईपाशी आले, धोतराचा सोगा सावरून उकिडवे बसले, आणि पळीने भज्जी वर-खाली करत मोजू लागले.

"सतरा," अण्णा म्हणाले.

"सतराच हायती," प्रमिलाताई म्हणाल्या. "चाकवत न्हाई."

मला राहवेना. मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. कोकणात रान कशाला म्हणतात तेही सांगितलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा हसले नाहीत.

"चाकवताबिगर कसली भज्जी?" ते म्हणाले. मला वाटलं, आता सोमवारचं काढणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. भूक लागलेल्या माणसाचा वैताग होता. "आईच्या भज्जीत पैला वास चाकवताचा यायचा. थांबा बे, पंगत धरू नगा. तण हाय ते! माज्या रानातून आनतो टोपीभर. मग सोमवारचं काय ते सोमवारी बोलू."

आणि ते तरातरा उतारावरून खाली गेले.

वर बरडावरून त्यांची आठ एकरं तळहातासारखी दिसत होती. हरभऱ्याच्या ओळी एकसारख्या, मधे एक काडी वावगी नाही. अण्णांची पांढरी टोपी एका बांधाने गेली, वाकली, उठली. दुसऱ्या बांधाने आली. विहिरीपाशी थांबली, पाटाच्या कडेने चालली, पुन्हा वाकली. चुलीवरची भज्जी दत्ताभाऊंनी खाली उतरवली. कुणीतरी म्हणालं, अण्णांना बोलवा, पोरं उपाशी हायती. कुणी बोलवायला गेलं नाही. टोपी जिथे जाऊन आली होती तिथे पुन्हा गेली.

ते वर आले तेव्हा टोपी हातात उलटी धरलेली होती आणि ती रिकामी होती.

"न्हाई," अण्णा म्हणाले. ते कुणाकडे बघत नव्हते. "एक पान न्हाई. आई जोंधळ्यातून वाकायची अन दोन पावलांत पदराचा ओटा भरायचा." मग प्रमिलाताईंना म्हणाले, "परमे, तू बियानं कुठून आनलंतंस?"

"आनलं न्हाई अण्णा. आपसूक आलं. मी फकस्त तणावरलं औषध मारलं न्हाई."

अण्णा जमिनीवर बसले. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. दर वर्षी, सोयाबीन असो की हरभरा, दोन्ही हंगामांत तणनाशकाचा पंप त्यांच्याच देखरेखीखाली पाठीवर चढत होता हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

"वाढा," ते म्हणाले.

पंगत झाली. अण्णांनी भज्जी तीनदा मागून घेतली. तिसऱ्या वेळेला ताईंनी पळी भरून वाढली तेव्हा तेही नको म्हणाले नाहीत आणि ताईही हसल्या नाहीत.

जेवणानंतर आंबील शिंपायचं असतं. घरचा कर्ता पुरुष आंबिलाचं मडकं घेऊन सगळ्या रानाला फेरी घालतो, कडुलिंबाच्या डहाळीने कडेकडेने शिंपत जातो, आणि साथीला एक जण मागे चालतो. अण्णा दर वर्षी दहाच्या दहा एकरांना एकच फेरी घालतात. त्यांनी मडकं उचललं, डहाळी घेतली, खालच्या रानाकडे दोन पावलं गेले आणि थांबले.

"अण्णा," दत्ताभाऊ म्हणाले, चार दिवसांत पहिल्यांदाच आपणहून विषय काढत, "ते सोमवारचं..."

"कसलं सोमवारचं?" अण्णा खेकसले. मग ते परत आले आणि मडकं प्रमिलाताईंपुढे धरलं. "हे घे. माज्या रानाला मी मागनं फिरतो. तुज्या रानाला तू फीर."

ताईंची बोटं थांबली. त्यांनी मडकं घेतलं, कडेवर धरलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला. करडईच्या कडेला जाऊन त्यांनी पहिला शिंपडा टाकला, आणि मागे वळून साथीला कोण येतंय ते पाहिलं.

"मावशी, तुमी जावा तिच्या मागं," अण्णा म्हणाले. "पर कशाला हात लावू नगा."

मी दोन्ही हात पाठीशी बांधले आणि परमाच्या मागे चालू लागले.